अल्बम चालला नाही, की चालवला नाही?

आवडत्या रॉक बँडचा अल्बम बाजारात अपेक्षेइतका खपला नाही, की चाहत्यांमध्ये एक ठरलेला वाद सुरू होतो. एका गटाच्या मते गाणीच कमी पडलेली असतात. दुसऱ्या गटाच्या मते कंपनीने प्रसिद्धीत हात आखडता घेतलेला असतो. मग कुणी परदेशी यादीतला क्रमांक सांगतो, कुणी अल्बम ‘गोल्ड’ झाल्याचा दाखला देतो, तर कुणी व्हिडिओ टीव्हीवर लागलाच नाही, अशी तक्रार करतो. स्वारगेटच्या गणेश कला क्रीडा रंगमंचासारख्या सभागृहाबाहेरच्या गप्पा असोत वा महाविद्यालयाचा कट्टा, संगीताच्या चाहत्यांचा हा आवडता विषय आहे.

या वादात आकडे सढळ हाताने फेकले जातात. ते मोजतो कोण आणि प्रसिद्धीचा खर्च अखेर कुणाच्या खात्यात मांडला जातो, हे मात्र सहसा विचारले जात नाही. कलावंताच्या पदरात काय पडणार, हे बऱ्याच अंशी याच दोन प्रश्नांवर ठरते.

पाठवले किती, विकले किती

‘दहा लाख प्रती गेल्या’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. कंपनीने दहा लाख प्रती वितरक व दुकानदारांकडे पाठवल्या, हा एक; दहा लाख ग्राहकांनी पैसे मोजून त्या घरी नेल्या, हा दुसरा. संगीताच्या व्यवसायात न खपलेला माल परत घेण्याची पद्धत जुनी आहे. त्यामुळे या दोन आकड्यांत मोठी तफावत पडू शकते.

अमेरिकेत ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेने १९५८ मध्ये ‘गोल्ड’, तर १९७६ मध्ये ‘प्लॅटिनम’ हा मान देण्यास सुरुवात केली. आज तेथे पाच लाख प्रतींना गोल्ड, दहा लाखांना प्लॅटिनम आणि एक कोटीला डायमंड असे प्रमाण आहे. या मोजणीचा भर दीर्घकाळ कंपनीने बाजारात पाठवलेल्या मालावर राहिला.

त्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘किस’ हा अमेरिकी बँड. सप्टेंबर १९७८ मध्ये या बँडच्या चारही सदस्यांचे स्वतंत्र अल्बम एकाच दिवशी बाजारात आले. कॅसाब्लांका या कंपनीने प्रत्येकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती दुकानांत पाठवल्या, प्रचंड जाहिरात केली आणि चारही अल्बम प्लॅटिनम ठरले. पुढे न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे परत येऊ लागले आणि दुकानांत त्या पडत्या भावात विकल्या गेल्या. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, अशीच ही गत होती. येथे प्रसिद्धी कमी पडली होती, असे कुणीही म्हणू शकणार नाही.

१९९१चा धक्का

अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची लोकप्रिय अल्बमची यादी १९९१ पर्यंत दुकानदारांच्या सांगण्यावर आधारलेली असे. निवडक दुकानांना विचारणा होई आणि दुकानदार आपल्याकडे जोरात चाललेल्या अल्बमची नावे सांगत. त्यात दुकानदाराची आवडनिवड, पडून असलेला माल खपवण्याची घाई आणि कंपनीच्या प्रतिनिधीशी असलेले संबंध या सगळ्यांना वाव होता.

मे १९९१ मध्ये ‘बिलबोर्ड’ने ‘साउंडस्कॅन’ ही पद्धत स्वीकारली. गल्ल्यावर वेष्टनावरील बारकोड वाचला, की विक्रीची नोंद थेट संगणकात होऊ लागली. यादीचे चित्र काही आठवड्यांतच बदलले. ज्यांना दुकानदार किरकोळ समजत होते, ते हार्ड रॉक, रॅप आणि कंट्री हे प्रकार एकदम वर आले. जूनमध्ये ‘स्किड रो’ आणि ऑगस्टमध्ये ‘मेटॅलिका’ या बँडचे अल्बम पहिल्याच आठवड्यात अव्वल स्थानी पोहोचले. हे श्रोते आधीही होतेच. ते मोजले जात नव्हते.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला. कंपनीने अमेरिकेत सुरुवातीला जेमतेम ४६ हजार प्रती पाठवल्या होत्या. अडीच लाखांपर्यंत खप झाला तरी खूप, असा तिचा अंदाज होता. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीवर गाजला आणि दुकानांत प्रती कमी पडू लागल्या. ११ जानेवारी १९९२च्या यादीत ‘नेव्हरमाइंड’ने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला.

‘चांगले असेल ते आपोआप चालते’ असे मानणारे आणि ‘सारे काही प्रसिद्धीवर आहे’ असे मानणारे, असे दोन्ही गट या अल्बमचा दाखला देतात. खरे तर तो दोघांनाही पुरता सोयीचा नाही. कंपनीचा अंदाज चुकला हे खरे. पण एमटीव्हीने व्हिडिओ उचलून धरला नसता आणि मागणी वाढताच नव्या प्रती दुकानांपर्यंत पोहोचवणारी मोठी वितरण यंत्रणा कंपनीपाशी नसती, तर हा चमत्कार घडणे अवघड होते.

भारतात मोजणार कोण?

भारतात कॅसेटच्या काळात गल्ल्यावरची विक्री मोजणारी अशी स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली नाही. १९८०च्या दशकात कॅसेटने तबकडीची मक्तेदारी मोडली. गुलशन कुमार यांच्या ‘टी-सिरीज’ने किंमत खाली आणली आणि पानाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत कॅसेट विकली जाऊ लागली. संगीत स्वस्त झाले, श्रोता वाढला. मात्र विक्रीची नोंद ठेवणे जवळजवळ अशक्य झाले. त्यातच चोरट्या प्रतींचा बाजार फोफावला. मूळ गाणी दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतलेल्या ‘व्हर्जन’ ध्वनिफितींचे पीक आले.

परिणामी, खपाचा आकडा बहुधा कंपनीकडूनच येई. सोनेरी तबकडी कलावंताच्या हाती देतानाचे छायाचित्र वृत्तपत्रात छापून येई आणि तेही प्रसिद्धीचाच भाग ठरे. जो आकडा जाहीर करतो त्यालाच तो मोठा दिसण्यात रस असतो आणि मानधनाचा हिशेब करताना तोच आकडा लहान दिसण्यात त्याचा फायदा असतो. या विसंगतीकडे चाहत्यांचे फारसे लक्ष जात नसे.

या उद्योगाची ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री’ ही संघटना १९३६ पासूनची. तरीही देशात ऐकल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय गाण्यांची क्रमवारी तिने सुरू केली ती २०२१ मध्ये. ‘बिलबोर्ड’ची भारतातील गाण्यांची यादी २०२२ मध्ये आली. दोन्ही याद्या इंटरनेटवरील ऐकण्याच्या नोंदीवर उभ्या आहेत. त्यामुळे विसाव्या शतकातील भारतीय रॉक अल्बमच्या खपाविषयी छातीठोकपणे बोलणाऱ्याने आधी आपल्या आकड्याचे मूळ तपासावे, हे उत्तम.

पेठा, कॅम्प आणि मधले स्वारगेट

प्रसिद्धी म्हटले, की जाहिरात डोळ्यांपुढे येते. अल्बमच्या दृष्टीने तिच्याइतकेच महत्त्व वितरणाला असते. पुण्याच्या नकाशावर हे सहज समजते. स्वारगेटच्या एका अंगाला पेठांचे जुने शहर, दुसऱ्या अंगाला शंकरशेठ रस्त्याने गाठता येणारा कॅम्प आणि मध्ये सातारा-कोल्हापूरकडे जाणारे एसटी स्थानक. कॅसेटच्या जमान्यात महाराष्ट्रातल्या एसटी स्थानकांच्या परिसरात भक्तिगीते, लावण्या, लोकगीते आणि हिंदी चित्रपटगीते यांचा खप मोठा होता. इंग्रजी रॉकचा ग्राहक कॅम्पसारख्या भागातील मोजक्या दुकानांकडे वळे, नाहीतर मुंबईला काळा घोडा येथील ‘रिदम हाउस’पर्यंत जाई.

ज्या अल्बमची दुकाने मुळातच मूठभर, त्याचा खपही मूठभर राहणार. अशा वेळी ‘श्रोत्यांनी नाकारले’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. जे समोर आलेच नाही, ते नाकारणार कसे?

शिवोलीचे रेमो

प्रसिद्धी आणि वितरण या दोन्ही गोष्टी कंपनीविना कुठवर साधतात, याचे उत्तम उदाहरण गोव्यात सापडते. शिवोलीचे रेमो फर्नांडिस यांनी मुंबईत वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. आपल्या इंग्रजी गाण्यांसाठी त्यांना मुंबईतील ध्वनिमुद्रिका कंपन्यांची दारे उघडली नाहीत. तेव्हा त्यांनी घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि १९८४ मध्ये तो बाजारात आणला. शब्द, चाली, वाद्ये, आवाज, वेष्टनाची रचना असे सारे काही त्यांनी एकहाती सांभाळले. कॅसेटही स्वतःच स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचवल्या. पुढच्या वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आला.

गोव्यापुरते हे जमून गेले. प्रदेश छोटा, श्रोता ओळखीचा आणि गाण्यांत गोव्याचेच जगणे. पण स्कूटरची धाव जिथे संपते, तिथे अशा वितरणाचीही हद्द संपते. नंतर ‘सीबीएस’ या मोठ्या कंपनीने त्यांचे अल्बम बाजारात आणले. अमली पदार्थांविरुद्ध बोलणारा ‘पॅक दॅट स्मॅक’ आणि त्यापाठोपाठ आलेला ‘बॉम्बे सिटी’ यांनी १९८६-८७ च्या सुमारास रेमो यांचे नाव देशभर नेले. त्यांच्या इंग्रजी अल्बमना गोल्ड व प्लॅटिनमचे मान मिळाले. स्वतःच्या इंग्रजी रचनांसाठी असा मान भारतात क्वचितच कुणाच्या वाट्याला आला. २००७ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

गाणारा तोच, लिहिणारा तोच, शैलीही तीच. फरक पडला तो माल कुठवर पोहोचला याने. कंपनीने रेमो घडवले नाहीत, पण गोव्याबाहेरच्या श्रोत्याला त्यांची कॅसेट विकत घेण्याची सोय केली. लेबलची खरी कामगिरी कोणती आणि श्रेय कुठवर द्यायचे, याचा हा नेमका नमुना आहे.

पडद्याची ताकद

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही भारतात आले, १९९४ मध्ये त्याची जागा ‘चॅनेल व्ही’ने घेतली आणि १९९६ मध्ये ‘एमटीव्ही इंडिया’ पुन्हा दाखल झाले. या पाच-सात वर्षांत प्रसिद्धीचे केंद्र दुकानातून पडद्यावर सरकले. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे अल्बम काढले होते. उदय बेनेगल, महेश तिनईकर आदींच्या या बँडने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असे नाव धारण केले. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याचा त्यांचा व्हिडिओ एमटीव्हीवर झळकला आणि कधीही मैफलीला न गेलेल्या प्रेक्षकाला भारतीय रॉक बँडचा चेहरा दिसला. १९९५ मध्ये बँडच्या नावाचाच अल्बम आला. १९९७ मध्ये मात्र बँड थांबला. पुढे २०१० मध्ये तो पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला.

पुण्यातील रॉकचे ठळक उदाहरण म्हणजे ‘अग्नी’. मोहन कण्णन आणि कौस्तुभ ऊर्फ ‘कोको’ ढवळे यांच्या या बँडचा पहिला अल्बम २००७ मध्ये ‘सोनी बीएमजी’ या बहुराष्ट्रीय कंपनीकडून आला. हिंदी शब्द, रॉकची वाद्यरचना आणि भारतीय वळणाची गायकी असा हा मेळ होता. एमटीव्हीच्या ‘रोडीज’ कार्यक्रमामुळे त्यांचे ‘उजले बाज’ घराघरांतील तरुणांच्या तोंडी झाले. मराठीत त्याआधी, २००२ च्या सुमारास, वैशाली सामंत व अवधूत गुप्ते यांच्या ‘ऐका दाजिबा’ने हाच अनुभव दिला होता. तो प्रकार पॉपचा, पण धडा तोच होता. गाणे सतत दिसत राहिले, की ते ऐकले जाते आणि ऐकले गेले, की खपते.

खर्च कंपनीचा, वजावट कलावंताची

‘कंपनीने व्हिडिओवर आणखी पैसे ओतायला हवे होते,’ असे चाहते म्हणतात तेव्हा ते पैसे कुणाचे, हे पाहणे उद्बोधक ठरते. रूढ करारानुसार कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलते. व्हिडिओ व प्रसिद्धीच्या खर्चाचाही काही भाग कलावंताच्या खात्यावर मांडला जातो. हा सारा खर्च कलावंताच्या रॉयल्टीतून वसूल झाल्यावरच त्याच्या हाती पुढचा पैसा पडतो.

कल्पित आकड्यांचे एक उदाहरण घेऊ. आगाऊ रक्कम दोन लाख, ध्वनिमुद्रण दोन लाख आणि व्हिडिओचा खर्च चार लाख, पैकी निम्मा कलावंताच्या नावे. म्हणजे वसुली सहा लाखांची. दुकानदाराला कॅसेट ६० रुपयांना दिली आणि रॉयल्टी दहा टक्के धरली, तर प्रतीमागे सहा रुपये होतात. सहा लाख फिटायला एक लाख प्रती विकल्या जायला हव्यात. कंपनीचे गणित निराळे असते. निर्मिती व वितरणाचे २५ रुपये वजा जाता तिच्याकडे प्रतीमागे ३५ रुपये उरतात. तिचा एकूण खर्च आठ लाख धरला, तर तो सुमारे २३ हजार प्रतींतच भरून निघतो. त्यानंतर ७७ हजार प्रतींपर्यंत कंपनी नफ्यात आणि कलावंत मात्र तिचा देणेकरी, अशी स्थिती राहते.

याची दुसरी बाजूही आहे. बहुसंख्य अल्बम २३ हजारांचा टप्पाही गाठत नाहीत आणि तो तोटा कंपनीच सोसते. आगाऊ रक्कम सहसा परत मागितली जात नाही. म्हणूनच कंपनी दहा अल्बम काढते आणि चालण्याची चिन्हे दिसणाऱ्या एक-दोघांवरच प्रसिद्धीचा जोर लावते. उरलेल्यांच्या चाहत्यांना होणारा अन्यायाचा भास अनेकदा खरा असतो; त्यामागे आकस नसून हिशेब असतो, इतकेच.

हक्कांचा मुद्दा त्याहून दूरगामी आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षे टिकतो आणि तो सामान्यतः निर्मात्याकडे, म्हणजे कंपनीकडे असतो. २०१२ मधील दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना रॉयल्टीतील समान वाट्याचा असा हक्क दिला, जो त्यांच्याकडून करारातही काढून घेता येत नाही. स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या व रचणाऱ्या रॉक बँडसाठी ही तरतूद विशेष मोलाची आहे.

पैसे मोजून वाजवलेली गाणी

प्रसिद्धीला एक काळी बाजूही आहे. रेडिओवर गाणे वाजवण्यासाठी निवेदकाला गुपचूप पैसे देण्याच्या प्रथेला अमेरिकेत ‘पेओला’ म्हणतात. १९५९-६० मध्ये तेथे त्याची मोठी चौकशी झाली आणि ‘रॉक अँड रोल’ लोकप्रिय करणारे निवेदक अ‍ॅलन फ्रीड यांची कारकीर्द त्यात संपली. तरी प्रथा संपली नाही. जुलै २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या चौकशीनंतर ‘सोनी बीएमजी’ने एक कोटी डॉलर भरून तडजोड केली. एखादे गाणे सर्वत्र ऐकू येते, एवढ्यावरून ते लोकांनी उचलून धरले असे समजण्यात म्हणूनच धोका आहे.

तबकडीनंतरचा हिशेब

ऑक्टोबर २००७ मध्ये ‘रेडिओहेड’ या ब्रिटिश बँडने ‘इन रेनबोज’ हा अल्बम कंपनीविना इंटरनेटवर ठेवला आणि किंमत श्रोत्यांवर सोपवली. त्याचा गाजावाजा झाला. मात्र या बँडला जगभर नाव मिळवून देण्यात आधीच्या वर्षांतील मोठ्या कंपनीच्या प्रसिद्धीचा वाटा होता, हे विसरता येत नाही. उलट टोकाचा प्रयोग २०१४ चा. ‘यू टू’चा ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ हा अल्बम ‘अ‍ॅपल’ने सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या खात्यात फुकट टाकला. न मागता आलेल्या या भेटीवर अनेकजण संतापले आणि अखेर अल्बम काढून टाकण्याची सोय द्यावी लागली. अल्बम पोहोचवता येतो, आवडून घेता येत नाही.

आज ‘विक्री’ या शब्दाचा अर्थच बदलला आहे. अमेरिकेत २०१६ पासून इंटरनेटवर गाणी १५०० वेळा ऐकली गेली, की एका अल्बमची विक्री झाली असे गोल्ड-प्लॅटिनमच्या मोजणीत धरले जाते. जागतिक संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये ध्वनिमुद्रित संगीताच्या २८.६ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी ६७ टक्के उत्पन्न अशा ऐकण्यातून आले. ‘रिदम हाउस’ने २०१६ मध्येच दार लावून घेतले होते. २०२४ पासून ‘स्पॉटिफाय’वर वर्षभरात एक हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. दुकानातील फळीवर जागा मिळवण्याची जुनी झटापट आता तयार गीतयाद्यांत शिरकाव करण्यासाठी चालते. अनेक बँड उत्पन्नासाठी ध्वनिमुद्रणापेक्षा प्रत्यक्ष कार्यक्रमांवर अधिक विसंबतात. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘एनएच७ वीकेंडर’सारख्या महोत्सवांना त्यामुळेच महत्त्व आले.

आकडा ऐकताना

एखाद्या अल्बमच्या यशापयशावर मत देण्यापूर्वी चाहत्यांनी पुढील प्रश्न विचारावेत.

– आकडा पाठवलेल्या प्रतींचा आहे, विकलेल्या प्रतींचा, की इंटरनेटवर ऐकण्याचा?

– तो मोजणारी संस्था स्वतंत्र आहे, की कंपनी स्वतःच सांगते आहे?

– अल्बम किती शहरांत, किती दुकानांत मिळत होता?

– प्रसिद्धीचा खर्च करारात कुणाच्या नावे होता?

– गाण्यांचे हक्क आज कुणाकडे आहेत?

यांची उत्तरे मिळाली, तर ‘चालला नाही’ आणि ‘चालवला नाही’ यांतला भेद बहुतेक वेळा स्पष्ट होतो. उत्तरे मिळाली नाहीत, तर निदान कलावंताला नापास ठरवण्याची घाई तरी टळते. खपाचा आकडा बाजाराची पोच सांगतो. गाण्याची योग्यता ठरवायला ते गाणेच ऐकावे लागते.